फोटो एकाचा, भूमिका दुसऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पीटर डिंकलेज या अमेरिकन नटावर अर्धं पान दिलंत. आधी आभार मानतो. आमच्या मापाच्या माणसाला अर्धं पान मिळालेलं मी पासष्ट वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. एरवी आम्ही कोपऱ्यातल्या चौकटीत असतो, दोन तोंडांच्या वासराच्या शेजारी.

आता तक्रार. लेखात त्याच्या गाजलेल्या भूमिकांची यादी आहे आणि तिच्यात ‘हॅरी पॉटरमधील प्राध्यापक फ्लिटविक’ बिनधास्त ठोकून दिलेत. फ्लिटविक डिंकलेजचा नाही हो. तो वॉर्विक डेव्हिसचा. डिंकलेज न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनचा, जन्म १९६९. डेव्हिस इंग्लंडच्या सरे परगण्यातला, जन्म १९७०. आजीने रेडिओवर ‘कमी उंचीची माणसं हवीत’ अशी जाहिरात ऐकली आणि नातवाला पाठवलं. त्यातून अकरा-बारा वर्षांचा डेव्हिस १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये केसाळ अस्वलाच्या पोशाखात शिरला. १९८८ मध्ये ‘विलो’चा नायक झाला आणि पुढे कमी उंचीच्या नटांना कामं मिळवून देणारी एजन्सीच काढली. दोघांची कामं वेगळी, देश वेगळे, चेहरे तर कुठेच जुळत नाहीत. ठेंगणेपणाचं कारणसुद्धा एक नाही. डिंकलेजला अकॉन्ड्रोप्लेझिया आहे, म्हणजे हातापायांची लांब हाडं वाढत नाहीत. डेव्हिसचा प्रकार निराळा आणि फार विरळा. असे शेकड्याने प्रकार आहेत. डॉक्टरांनी ते वेगळे करायला आयुष्यं घालवली, आणि आपल्या पुरवणीने एका ओळीत सगळा काला केला.

मला राग आला नाही, हसू आलं. कारण हे माझ्याबरोबर तरुणपणापासून होत आलंय.

१९९१ ची गोष्ट. नागपूरच्या इतवारीत भर बाजारात एका चादरवाल्याने माझी बाही धरली. ‘काहून भाऊ, दिवाळीपासून दीडशे रुपये बाकी हायेत, अन् आमच्याच समोरून छाती काढून चालून राह्यला?’ मी जन्मात त्याच्याकडून चादर घेतली नव्हती. म्हटलं, बाप्पा, तो मी नाही. त्याला वाटलं मी टाळतोय. चार माणसं जमली. त्यातला एक म्हणाला, ‘हाच हाय, म्या पाह्यलाय.’ शेवटी रेल्वेचं ओळखपत्र दाखवलं तेव्हा कुठे बाही सुटली. तो उधारीवाला गांधीबागेच्या बाजूला कंगवे, रिबिनी, दाढीची ब्लेडं विकायचा. मी त्याला शोधत गेलो. बघतो तर काय, माझ्याहून चार बोटं उंच, रंगाने सावळा आणि ओठावर ही एवढी झुपकेदार मिशी. माझ्या ओठावर आजतागायत केस नाही. एवढी मिशी चादरवाल्याला दिसली नाही!

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘तुम्ही छोट्या लाईनवाले बाबू ना? लोक मले रोज उमरेडच्या गाडीची वेळ पुसतात.’ आणि विचारलेल्याला तो वेळ सांगायचाही, बरोबर सांगायचा. एकदा स्टेशनात येऊन फळ्यावरून पाठ करून गेला होता. तेव्हापासून आमची दोस्ती. त्याचं नाव इथे घालत नाही, नाहीतर लोक ते मला चिकटवतील. पत्रापुरतं मिशीवाला म्हणू.

तर मी छोट्या लाईनचा, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचा, बुकिंग बाबू. वडील रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि १९८४ मध्ये अनुकंपावर मला घेतलं. इतवारी, कुही, उमरेड, भिवापूर अशा खिडक्यांवर नोकरी काढली. खिडकीची फळी माझ्या हनुवटीला लागायची. वडिलांच्या जोडीदाराने साल लाकडाच्या जुन्या स्लीपरमधून मला एक खोका करून दिला. काळाकुळकुळीत, असा जड की मीच सरकवू शकत नव्हतो. त्यावर उभं राहिलं की मी चारचौघांसारखा बाबू. पुठ्ठ्याची तिकिटं होती तेव्हा. नळीतून तिकीट ओढायचं, तारखेच्या यंत्रात खट्ट करून दाबायचं, द्यायचं. बाहेरच्याला दिसायचं फक्त डोकं. ‘आत पोट्टं बसवलं काय बे?’ हे मी हजारदा ऐकलं असेल. भिवापूरला मिरचीचा हंगाम असला की पोत्यांच्या रांगेने खिडकीतला मी आणि बाहेरचा पॅसेंजर दोघेही शिंकत बसायचो. तेवढ्यापुरती बरोबरी.

एक खरं सांगतो. त्या गाडीवर माझं प्रेम का होतं? ब्रॉडगेजच्या डब्यात चढताना मला गुडघे टेकून, दांडा धरून, वर कोणीतरी हात देऊन चढावं लागतं. छोट्या गाडीच्या पायरीवर मी माझ्या पायाने चढायचो. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आमच्या लोकांसाठी मुद्दाम बनवल्यासारखी गाडी. मल्याळी सिनेमात गिनेस पक्रू म्हणून नट आहे. २००५ च्या ‘अद्भुत द्वीप’चा तो नायक. प्रौढ नायकाचं काम करणारा सर्वांत कमी उंचीचा नट म्हणून गिनेस बुकात गेला. पुढे २०१३ मध्ये त्याने स्वतः सिनेमाही दिग्दर्शित केला. त्याची उंची ७६ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर आमच्या रुळांइतकी… बघा, मीही मोजायला लागलो. खोड लागते.

डिंकलेज मला भेटला तो या रेल्वेमुळेच. माझा भाचा पुण्याला शिकत होता. २००८ च्या दिवाळीत त्याने पेनड्राईव्हवर एक सिनेमा आणला. ‘मामा, तुझ्यावर काढलाय,’ म्हणाला. मी म्हटलं, झालं, असेल कुठला तरी जोकर. ‘द स्टेशन एजंट’, २००३ चा. लिहिणारा-दिग्दर्शक टॉम मॅकार्थी. वीस दिवसांत, तिकडच्या मानाने चिल्लर पैशात केलेला. गोष्ट अशी: फिन नावाचा एक कमी उंचीचा माणूस खेळण्यातल्या आगगाड्यांच्या दुकानात काम करतो. मालक मरतो आणि मृत्युपत्रात त्याच्या नावे एक बंद पडलेलं, आडगावातलं रेल्वेस्टेशन ठेवून जातो. फिन तिथे राहायला जातो. त्याला कोणाशी बोलायचं नाही, फक्त गाड्या बघायच्या आहेत. बाजूला एक कॉफीच्या गाडीवाला उभा असतो, तो काही केल्या गप्प बसत नाही. एक बाई स्वतःच्याच दुःखात मोटार चालवते आणि याला दोनदा उडवता उडवता राहते. बस, एवढंच. कोणी नाचत नाही, खोक्यातून कोणी बाहेर येत नाही.

संपादक महोदय, मी तो सिनेमा त्या रात्री दोनदा पाहिला. दुकानातली बाई न विचारता त्याचा फोटो काढते तिथे मी थांबवला, पाणी पिऊन आलो. इतवारीच्या प्लॅटफॉर्मवर मोबाईल आल्यापासून माझे असे किती फोटो निघाले, मोजदाद नाही. एका माणसाने तर बायकोला सांगितलं, ‘जा, बाजूले उभी राह्य.’ मी तिकीट देतोय आणि ती खिडकीशी हसत उभी. पडद्यावर फिन काही बोलत नाही, सामान उचलून निघतो. मीही तेच करायचो. पुढे एकदा तो दारू पिऊन बारच्या फळीवर चढतो आणि सगळ्यांना ओरडून सांगतो, हा मी, बघा, बघून घ्या. ते मी कधी केलं नाही. मनात मात्र रोज केलंय.

आणि तो रुळांवरून चालतो. रेल्वेतल्या माणसाला ठाऊक असतं, मोठी माणसं एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय टाकत जातात. माझा पाय पोचत नाही, प्रत्येक दुसरं पाऊल गिट्टीत पडतं आणि घोटा दुखतो. डिंकलेजचं पाऊल कुठे पडतं ते बघायला मी तो भाग चार वेळा मागे घेतला. भाचा विचारत होता, मामा, काय बघून राहिलास? सांगितलं नाही.

मग मी त्याचं जे मिळेल ते पाहिलं आणि त्याच्याबद्दल जे सापडलं ते वाचलं. आपल्या लेखात ‘रातोरात प्रसिद्धी’ असा शब्द आहे. कसली रातोरात? कॉलेज १९९१ मध्ये संपलं. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षं त्याने एका कचेरीत संगणकात माहिती भरण्याचं काम केलं. म्हणजे कारकुनीच, आमच्यासारखी. एकोणतिसाव्या वर्षी ठरवलं की आता जे मिळेल ते, पण नटाचंच काम करायचं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आलं २०११ मध्ये, तेव्हा तो बेचाळिशीला टेकला होता. मी चोविसाव्या वर्षी खिडकीमागे जाऊन बसलो आणि बसूनच राहिलो. तो उठला. मला त्याचं जास्त कौतुक त्या उठण्याचं आहे.

आणि नाही म्हणण्याचं. नाताळच्या जाहिरातीतले टोकदार बूट, लांब दाढी, परीकथेतला बुटका, ही कामं हातात पैसे नसताना नाकारणं सोपं नाही. त्याच्या अगदी पहिल्या सिनेमातच, १९९५ च्या ‘लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन’मध्ये, हीच गंमत आहे. सिनेमात सिनेमा चाललाय. स्वप्नाचा प्रसंग आहे. त्यात अंगावर भारी कपडे घालून एका कमी उंचीच्या नटाला फिरवायचं आहे. हा नट, म्हणजे डिंकलेज, दिग्दर्शकावर उखडतो. माणसांच्या स्वप्नात आम्ही येतो तरी का, आम्ही असतो ते फक्त तुमच्या या भिकार सिनेमांतल्या स्वप्नांत, अशा अर्थाचं सुनावतो.

हे पाहून मला घाम फुटला, कारण मी ते काम केलेलं होतं. नव्वदच्या दशकात एक शूटिंगवाली मंडळी आमच्या लाईनीवर आली. कोण, कुठली, ते राहू द्या. त्यांना छोटं इंजिन हवं होतं. इंजिन बघताना त्यांना मी दिसलो. नायकाला झोपेत भास होतो, इंजिनाच्या मागून लाल कोट घातलेला एक ‘टिंगू’ येतो, शिट्टी वाजवतो आणि गायब होतो. पाचशे रुपये. मी रजा टाकली. लाल कोट एखाद्या पोराच्या गॅदरिंगचा असावा, काखेत उसवलेला. सकाळी आठला बसवलं, दुपारी चारला बोलावलं. शिट्टी वाजवली. ‘आणखी जोरात पळ, पाय असे वाकडे टाक,’ म्हणाले. मी म्हटलं, वाकडेच आहेत, टाकायचे कुठून? सगळे हसले, मीही हसलो. डिंकलेजसारखं काही सुनावलं नाही. टोपी घातली, पळालो, पाचशे घेतले, आईला लुगडं आणलं. सिनेमा पडद्यावर आलेला मी तरी पाहिला नाही. ऑब्लिव्हियनमधला तो प्रसंग पाहताना लाज वाटली आणि हसूही आवरेना.

आमच्या नाट्यवेड्या दोस्तांपैकी एकाने मला सांगितलं होतं की भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातच विदूषकाचं वर्णन आहे: वामन, दात पुढे आलेला, कुबडा, टकला. म्हणजे आमचं कास्टिंग तेव्हापासून पक्कं झालेलं. पोशाख तेवढा बदलतो. तुमच्या लेखकाला डिंकलेजच्या कारकिर्दीबद्दल खरंच लिहायचं होतं तर इथे लिहायचं होतं: या माणसाने तो पोशाख कुठे घातला, कुठे फाडला, कुठे उलटा करून घातला.

‘एल्फ’ हा २००३ चाच नाताळचा धमाल सिनेमा. त्यात तो पोरांची पुस्तकं लिहिणारा, तोऱ्यात वावरणारा मोठा लेखक आहे. भोळा नायक त्याला ‘अरे, हा तर एल्फ’, म्हणजे सांताचा ठेंगणा मदतनीस, म्हणत राहतो आणि शेवटी हा टेबलावरून उडी मारून त्याला बदडतो. मला नोकरी लागली त्याच वर्षीचा तान्हा पोळा आठवला. पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरत होती, मी पगाराचे पैसे घेऊन घरी येत होतो. गल्लीतल्या एका काकूने माझ्या हातात चार आण्यांचा बोजारा, म्हणजे नंदीवाल्या पोरांना देतात ती भेट, ठेवला आणि विचारलं, ‘तुहा नंदी कुठं हाय रे?’ मी घेतला तो बोजारा. काय करणार? काकूचे डोळे कमजोर होते.

‘डेथ ॲट अ फ्युनरल’ ब्रिटिशांनी २००७ मध्ये केला, अमेरिकनांनी २०१० मध्ये पुन्हा केला. बाकी नट बदलले, याची भूमिका यालाच ठेवली. २०१४ च्या ‘एक्स-मेन’मध्ये तो बोलिव्हर ट्रास्क आहे, बड्या कंपनीचा थंड डोक्याचा मालक. कथेला त्याच्या उंचीशी काही देणंघेणं नाही. ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये, २०१८ साली, तर मजाच केली. तो ठेंगूंचा राजा आहे, पण आकाराने राक्षसासारखा, ‘थोर’ नावाचा धिप्पाड नायकही त्याच्यापुढे पोरगा दिसतो. आमच्या रामटेकच्या डोंगरावर वाकाटकांच्या काळची त्रिविक्रमाची मूर्ती आहे, तीन पावलांत विश्व व्यापणारा वामन. लहानपणी नातेवाईक मला ती दाखवून धीर द्यायचे. ते पुराण मला पटलं ते थेट या सिनेमात. ‘सिरानो’ २०२१ चा. मूळ नाटकात नायकाचं नाक मोठं, म्हणून त्याला प्रेम बोलता येत नाही. इथे नाक काढलं, उंची ठेवली. नाटकाचं हे रूप लिहिलं त्याच्या बायकोने, एरिका श्मिटने.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वर आपण निम्मा लेख घालवलात, म्हणून मी तिथे थांबत नाही. फक्त आकडा दुरुस्त करा: एमी पुरस्कार तीन नव्हे, चार. २०११, २०१५, २०१८, २०१९.

त्याच्याआधीचा एक माणूसही लेखात हवा होता. मायकल डन. १९६५ च्या ‘शिप ऑफ फूल्स’साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. १९७३ मध्ये लंडनमध्ये गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. आणि लिंडा हंट. तिने तर १९८२ च्या सिनेमात पुरुषाची भूमिका करून ऑस्कर घेतलंही.

आता जिथे माझं डिंकलेजशी पटत नाही ते सांगतो, नाहीतर हे पत्र म्हणजे आरती होईल. २०२२ च्या जानेवारीत त्याने एका मुलाखतीत डिस्नेला झोडपलं: एकीकडे नवा विचार सांगता आणि दुसरीकडे गुहेत राहणाऱ्या सात बुटक्यांची तीच गोष्ट पुन्हा काढता. टाळ्या पडल्या. २०२५ मध्ये ‘स्नो व्हाईट’ आला तेव्हा सातही बुटके संगणकातून काढलेले होते. सात नटांची पडद्यावरची कामं गेली, आणि तिकडच्या काही कमी उंचीच्या नटांनी बोलूनही दाखवलं की तुझं पोट भरलंय, आमचं का मारतोस? २०२३ च्या ‘वोंका’त उम्पा-लुम्पा, म्हणजे चॉकलेटच्या गोष्टीतला ठेंगणा प्राणी, कोण, तर ह्यू ग्रँट, सहा फुटांच्या आसपासचा, कॅमेऱ्याने लहान केलेला. २००५ मध्ये याच गोष्टीत भारतीय वंशाचा, नैरोबीत जन्मलेला दीप रॉय होता. त्या एकट्याने १६५ उम्पा-लुम्पा उभे केले.

हा वाद मी मिशीवाल्याला सांगितला, त्याच्या घरी, चहा पिताना. तो लग्नाच्या हंगामात लॉनच्या दारात जोकर होऊन उभा राहायचा. फुलाफुलांचा झगा, नाकाला लाल चेंडू, येणाऱ्याला गुलाब द्यायचा. मी त्याला वर्षानुवर्षं सांगत आलो की हे सोड. त्याने ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, ‘बाबू, तुले रेल्वेचा पगार होता म्हणून तुले मान सुचून राह्यला. मले एका रात्रीचे आठशे भेटत. माह्या पोरीची बारावी त्या नाकावर झाली.’ मी म्हटलं, पण लोक हसतात. तो म्हणाला, ‘बिनझग्याचे हसत नाहीत काय?’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. डिंकलेजचं म्हणणं खरं आहे आणि मिशीवाल्याचंही खरं आहे. दोघांना समोरासमोर बसवलं तर डिंकलेज हरेल असं मला वाटतं. पण तोही दिलदार माणूस दिसतो, चहा पिऊन जाईल.

आपल्याकडचा हिशेब तर अजून वाकडा. आमच्यावरची मोठी भूमिका आली की ती आम्हाला मिळत नाही. कमल हासनने १९८९ मध्ये तमिळमध्ये केली. आपल्याकडे ‘अप्पू राजा’ म्हणून आलेला तो सिनेमा मी सीताबर्डीत पाहिला आणि टाळ्याही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, काम अफाट होतं. २००६ च्या ‘जान-ए-मन’मध्ये अनुपम खेर. २०१८ च्या ‘झीरो’त शाहरुख, संगणकाने उंची कापलेला. आणि ज्याची उंची खरी तो लिलिपुट, मूळ नाव एम. एम. फारुकी, गयेचा माणूस, त्याला आपण ओळखतो ते ‘हां, तो बुटका’ म्हणून. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘देख भाई देख’ लागायचं तेव्हा नागपुरात रस्ते ओस नसतील पडत, पण आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी गर्दी असे. ती मालिका लिहिणारा लिलिपुट. किती जणांना माहीत आहे? मी आमच्या हास्यक्लबात विचारलं, एकालाही नाही. २०२० च्या ‘मिर्झापूर’च्या दुसऱ्या भागात तो सिवानचा दद्दा त्यागी झाला, चोरीच्या गाड्यांचा धंदेवाईक, दोन जुळ्या पोरांचा बाप. तेव्हा तरुण पोरांनी मला रस्त्यात ‘काय दद्दा’ म्हणायला सुरुवात केली. ‘टिंगू’पेक्षा बरं, म्हणून मीही हात वर करतो.

जगातली सर्वांत कमी उंचीची स्त्री म्हणून गिनेस बुकात गेलेल्या आपल्या नागपूरच्या ज्योती आमगेंचंही तेच. त्यांची उंची किती सेंटीमीटर हे नागपूरचं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी २०१४ मध्ये ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ या मालिकेच्या चौथ्या पर्वात मा पेटीट नावाची भूमिका केली, बड्या बड्या नटांसोबत. त्या कामाबद्दल दोन ओळी मी मराठी पेपरात शोधतोय, अजून सापडल्या नाहीत. आपल्याकडे छापून आल्या असतील तर कात्रण पाठवा, माफी मागेन.

शब्दाचा एक मुद्दा. मथळ्यात आपण ‘बुटक्याची गगनभरारी’ लिहिलंत. २०१६ च्या कायद्यात जी २१ अपंगत्वं मोजली आहेत त्यात आम्ही आहोत: प्रौढ वयात उंची ४ फूट १० इंच किंवा त्याहून कमी. सर्वोच्च न्यायालयानेही ८ जुलै २०२४ च्या निकालात पडद्यावर अपंगांना हिणवणारी भाषा टाळायला सांगितलंय. पण मला कायदा दाखवून धमकावायचं नाही. ‘बुटका’ ही शाळा सुटल्यावर मागून येणारी आरोळी आहे, ती मथळ्यात बरी दिसत नाही. ‘दिव्यांग’ म्हटलं की फॉर्म भरल्यासारखं वाटतं. ‘ठेंगणा’ चालेल. ‘नट’ म्हटलंत तर फारच चालेल, अर्ध्या पानावर फोटो होताच की, ज्याला उंची बघायची तो बघेल.

तेव्हा येत्या रविवारी दुरुस्ती छापावी: फ्लिटविक वॉर्विक डेव्हिसचा, एमी चार. जागा उरली तर ‘द स्टेशन एजंट’बद्दल एक ओळ टाका, लेखात त्याचं नावच नाही. आमची इतवारी–नागभीड छोटी लाईन २०१९ मध्ये बंद झाली, मी पुढच्या वर्षी निवृत्त झालो. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात आता इंजिनं उभी आहेत, रविवारी पोरं चढतात. माझा खोका मी घरी आणलाय. त्यावर उभा राहून मी हे पत्र लिहीत नाही, बसून लिहितोय.

आपला,
छोट्या लाईनचा निवृत्त बाबू, नागपूर
(नाव व पत्ता सोबत पाठवला आहे, छापू नये.)

ता. क. : पत्र टपालात टाकायला निघालो तर चौकात एका गृहस्थाने हात जोडले. ‘काय बाप्पा, गुडघे कसे हायेत आता?’ माझे गुडघे ठणठणीत आहेत. गुडघे मिशीवाल्याचे गेलेत. मी म्हटलं, बरे आहेत, आणि संध्याकाळी निरोप पोचवला.